आनंदीबाईंची वाट

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढावयाचे ठरले, तेव्हा तीत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असावे असे सर्व भगिनींचे मत पडले, आणि ते लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लिहिण्याचा सराव म्हणाल तर किराण्याची यादी आणि एके काळी माहेरी धाडलेली पत्रे, एवढाच. तरीही डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र मी आपण होऊन मागून घेतले. त्याला कारण झाला माझ्या धाकट्या मुलीचा भूगोल.

त्या दिवसांत आमच्या घरात एक घोर लागून राहिला होता. मोठी मुलगी बारावी झाली होती आणि तिला नागपूरला नर्सिंगसाठी प्रवेश मिळत होता. पाठवावे की न पाठवावे, यावर रोज बोलणे होई आणि रोज ते अर्धे राही. सासूबाईंचा नकार होता. यजमान काहीच बोलत नव्हते. मी दोन्हीकडे मान हलवत होते. अशा वेळी धाकटी नकाशासंग्रह घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसली. ती सातवीत, म्हणजे माझी शाळा जेथे सुटली तेथे ती पोचलेली.

शाळेतून तिला अक्षांश-रेखांश दिले होते आणि त्यांवरून शहर ओळखावयाचे होते. एक जागा होती ४१ अंश उत्तर, ७४ अंश पश्चिम. मी भाकर थापता थापता वाकून पाहिले. पुण्यावरून जाणारी रेघ ७४ ची, हे माझ्या ध्यानात होते. मी तिला सांगितले, पुण्याची रेघ धर आणि सरळ वर जा. ती बोट सरकवीत काश्मीर ओलांडून ४१ अंशापर्यंत गेली, तर तेथे किरगिझस्तानचे डोंगर. शहराचा पत्ता नाही. पुन्हा पाहिले तेव्हा उलगडा झाला. पुण्याचे ७४ पूर्वेचे आणि वहीतले ७४ पश्चिमेचे. आकडा एक, पण दिशा वाचावयाची राहिली होती. पश्चिमेकडचे ७४ शोधले आणि बोट टेकले ते अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरावर.

मला एकदम माझी सातवीची परीक्षा आठवली. नेमकी हीच चूक मी केली होती. तेव्हा ती सुधारून घ्यावयाला वेळ मिळाला नाही, कारण पुढची शाळा परगावी होती आणि घरचे म्हणाले, झाले तेवढे पुरे. आज तीस वर्षांनी ती चूक दुरुस्त झाली.

त्या रात्री आम्ही संत्रा घेऊन बसलो. आपल्या सोनाळ्याकडे संत्र्याच्या बागा आहेत, तेव्हा पृथ्वीचा गोल विकत आणावयाची गरज नाही. देठ म्हणजे उत्तर ध्रुव समजावा. साल काढली की देठापासून बुडापर्यंत फोडींच्या उभ्या रेघा दिसतात, तशी रेखावृत्ते. संत्रा मधोमध आडवा कापला तर कापलेली कड म्हणजे विषुववृत्त, आणि त्याच्या वरखाली तशाच आडव्या चकत्या केल्या तर त्या कडा म्हणजे अक्षवृत्ते. अक्षांश विषुववृत्तापासून उत्तरेला आणि दक्षिणेला ९० पर्यंत मोजतात. रेखांश मोजताना लंडनजवळच्या ग्रिनिचची रेघ शून्य धरतात. तेथून पूर्वेला १८० आणि पश्चिमेला १८०, आणि गोलाच्या पाठीमागे दोन्ही मोजण्या एकाच रेघेवर येऊन भेटतात. सोनाळा साधारण २१ अंश उत्तर आणि ७७ अंश पूर्व येथे येते. हे दोन आकडे सांगितले म्हणजे जगात कोठेही बसलेल्या माणसाला आपले गाव सापडेल.

संत्र्याची साल पाटावर पसरून सपाट करू गेले तर ती फाटते. म्हणून सपाट नकाशात कोठे तरी ओढाताण होतेच, ध्रुवांकडे विशेष. भिंतीवरच्या कित्येक नकाशांत ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. खरे पाहता आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे.

एवढे कळल्यावर मुलीला नुसते आकडे शोधण्याचा कंटाळा आला. मग मला आनंदीबाई सुचल्या. त्यांच्या आयुष्यातली गावे ओळीने नकाशावर मांडली तर भूगोलही होईल आणि चरित्रही होईल, असे वाटले. मशीनवरचा लाल दोरा घेतला आणि आम्ही मायलेकी निघालो.

पहिले टोक कल्याणला, १९ अंश उत्तर, ७३ अंश पूर्व. तेथल्या जोशी घराण्यातली ही मुलगी, माहेरचे नाव यमुना, जन्म ३१ मार्च १८६५ चा. १८७४ साली, नवव्या वर्षी, तिचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव मूळचे संगमनेरचे, पोस्टात नोकरीला, बिजवर, आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. सासरी तिचे नाव आनंदी ठेवले. बायकोला शिकवावयाचे हा गोपाळरावांचा ध्यास होता. त्या ध्यासाचे कौतुक सर्वत्र होते, आणि ते खरेही आहे. पण अभ्यासात कसूर झाली की ते त्या पोरवयातल्या बायकोवर हातही टाकीत. पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी ते दुःख स्पष्ट लिहिले आहे. चरित्र लिहावयाचे तर हेही लिहिले पाहिजे, असे मला वाटते.

पोस्टाची नोकरी म्हणजे बदली ठरलेली. दोरा कल्याणहून अलिबागला गेला, तेथून कोल्हापूरला, मग मुंबईला, मग पार कच्छात भूजला. १८८१ साली कलकत्ता, २२ अंश उत्तर आणि ८८ अंश पूर्व. पुढे त्याच बाजूला बराकपूर आणि श्रीरामपूर. येथे धाकटीचे बोट अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरवर गेले. हे श्रीरामपूर निराळे, हुगळी नदीच्या काठचे, बराकपूरच्या समोरच्या तीरावरचे. नावे सारखी असू शकतात, पण अक्षांश-रेखांशांची जोडी प्रत्येक जागेची आपापलीच असते.

या फिरतीतच एक घटना घडली आणि आनंदीबाईंच्या आयुष्याची दिशा ठरली. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो दहा दिवसांचा होऊन गेला. बाळंतिणीला आणि बाळाला योग्य वेळी योग्य उपचार मिळाले नाहीत. पुरुष डॉक्टरपुढे जाणे बाईला संकोचाचे, आणि बाई डॉक्टर आपल्यांत कोणी नाही, अशी त्या काळची अवस्था. आपण स्वतः डॉक्टर व्हावयाचे, हा निश्चय त्या दुःखातून उभा राहिला.

गोपाळरावांनी १८७८ साली अमेरिकेतल्या एका मिशनऱ्याला बायकोच्या शिक्षणाविषयी पत्र लिहिले होते. ते तिकडच्या एका मासिकात छापले गेले. १८८० साली न्यू जर्सी प्रांतातल्या रोझेल गावी थिओडोशिया कार्पेंटर नावाच्या बाई दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तेथे पडलेले ते मासिक त्यांनी चाळले आणि ते पत्र त्यांच्या वाचनात आले. कोठली कोण मुलगी, पण त्यांचे मन तिच्याकडे ओढले गेले. त्यांनी पत्र घातले, आनंदीबाईंनी उत्तर दिले, आणि एकमेकींचे तोंडही न पाहता दोघींत माया जडली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

एकट्या बाईने समुद्र ओलांडावा, तोही डॉक्टरी शिकण्यासाठी, हे कोणाला रुचणार? घरच्यांचा विरोध, ज्ञातीचा विरोध. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी श्रीरामपूरच्या कॉलेजात भर सभेत इंग्रजीतून भाषण केले. आपण अमेरिकेस का जातो, येथेच का शिकत नाही, एकट्या का जातो, परत आल्यावर वाळीत टाकले तर काय करणार, या एकेका शंकेला त्यांनी शांतपणे उत्तर दिले. हिंदू राहूनच जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले. वय अवघे अठराच्या आत.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या. सोबतीला ओळखीच्या मिशनरी बायका होत्या, घरचे माणूस एकही नव्हते. येथे आमचा दोरा जमीन सोडून पाण्यात उतरला. कलकत्त्याहून विलायतेला जाणाऱ्या आगबोटींची त्या काळची वाट अशी : बंगालचा उपसागर उतरावयाचा, लंकेला वळसा घालावयाचा, अरबी समुद्र ओलांडून एडनजवळून तांबड्या समुद्रात शिरावयाचे, आणि सुएझ कालव्यातून भूमध्य समुद्रात निघावयाचे. हा कालवा १८६९ साली खुला झाला. त्यापूर्वी सबंध आफ्रिकेला वळसा पडे. भूमध्य समुद्राच्या पश्चिम तोंडाशी जिब्राल्टरची सामुद्रधुनी, ती ओलांडली की अटलांटिक महासागर, मग इंग्लंड. तेथे बोट बदलून पुन्हा अटलांटिक, आणि पलीकडे न्यूयॉर्क. ४ जून १८८३ रोजी त्या तेथे उतरल्या. म्हणजे ५८ दिवस झाले. धक्क्यावर कार्पेंटर मावशी वाट पाहत उभ्या होत्या.

नकाशाखाली प्रमाणाची पट्टी असते. समुद्रातली वाट वाकडी, तेथे सरळ पट्टी चालत नाही. म्हणून दोरा वाटेवर वळवून ठेवावयाचा, मग तो ताणून त्या पट्टीवर मोजावयाचा. सपाट नकाशावर हे माप ढोबळच येते, हे संत्र्याच्या सालीने शिकवले होते. तरी अंदाज निघाला सुमारे वीस हजार किलोमीटरांचा. पृथ्वीचा घेर चाळीस हजार. ही अठरा वर्षांची पोर पृथ्वीच्या अर्ध्या घेराइतकी वाट चालून गेली होती.

फिलाडेल्फिया शहरी बायकांसाठी १८५० पासून वैद्यकीय महाविद्यालय चालू होते. तेथे आनंदीबाईंना प्रवेश मिळाला. ते शहर ४० अंश उत्तरेवर आहे. आपल्या देशाचे उत्तरेचे टोकच ३७ अंशांवर संपते. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. सोनाळा २१ वर, म्हणजे १९ अंशांचा फरक, जवळजवळ २१०० किलोमीटर उत्तरेकडे. उत्तरेकडे जावे तसे ऊन तिरपे पडते आणि हिवाळा कडक होतो. कोकणच्या हवेत वाढलेल्या त्या जिवाला ती थंडी सोसवेना. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहात, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने पातळ नेसावयास सुरुवात केली. पण परदेशी पोशाख केला नाही आणि मांसाला शिवल्या नाहीत. जेवणाची आबाळ, अभ्यासाची रात्र, वरून थंडी. प्रकृती खंगत गेली आणि क्षयाने आत घर केले.

त्या महाविद्यालयातले ऑक्टोबर १८८५ चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. तीन विद्यार्थिनी तीन देशांच्या पोशाखात बसल्या आहेत. एक जपानच्या केई ओकामी, दुसऱ्या सीरियाच्या सबात इस्लामबुली, आणि तिसऱ्या आपल्या आनंदीबाई. धाकटीने तिन्ही देशांवर कुंकवाचे बोट टेकले. आशिया खंडाची पूर्व कड, पश्चिम कड आणि मधला भारत, अशा तीन ठिकाणच्या तीन लेकी एकाच विद्येसाठी तेथे जमल्या होत्या.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम. डी. ची पदवी मिळाली. त्यांचा प्रबंध हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर होता. दहा दिवसांच्या बाळाला त्या विसरल्या नव्हत्या, असेच मला तो विषय वाचून वाटले. समारंभाला गोपाळराव हजर होते आणि पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून गेल्या होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागावर डॉक्टर म्हणून त्यांची नेमणूक झाली. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईला उतरल्या. लोकांनी स्वागत केले, पण उतरताना त्या रोगाने पार थकलेल्या होत्या. कोल्हापूरचे काम त्यांच्या हातून सुरू झालेच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. बाविसावे वर्ष पुरे व्हावयास महिनाभर उरला होता.

त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटर मावशींकडे अमेरिकेला पाठविल्या. न्यूयॉर्कच्या उत्तरेस हडसन नदीच्या काठी पोकिप्सी नावाचे गाव आहे. तेथे मावशींनी आपल्या घराण्याच्या जागेत त्या पुरल्या आणि वर नावाचा दगड बसविला. आम्ही दोऱ्याचे शेवटचे टोक तेथे टेकवले आणि आकडे वाचले. पुणे ७४ अंश पूर्व. पोकिप्सी ७४ अंश पश्चिम. दोन्हीकडे कलांचाच काय तो फरक. जेथे प्राण गेला आणि जेथे अस्थी विसावल्या, त्या जागा ग्रिनिचच्या दोन बाजूंना सारख्याच अंतरावर आहेत. ज्या आकड्यावर मी शाळेत चुकले, तोच आकडा दोन्ही ठिकाणी.

पृथ्वीला एक अंश फिरावयास चार मिनिटे लागतात. दोन ७४ मिळून १४८ अंश, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने जवळजवळ दहा तास. पुण्यात माध्यान्ह असते तेव्हा तिकडे रात्रीचे दोन वाजून गेलेले असतात. माहेरची माणसे जेवावयास बसत, त्या वेळी ही लेक परदेशच्या अंधारात निजलेली असे, नाही तर दिवा लावून वाचत असे.

सासूबाई माळ ओढीत हे सारे ऐकत होत्या. दोरा गुंडाळताना त्या म्हणाल्या की, एवढी दूर गेली, शिकली, आणि आली ती मरायलाच. कोणाचे काय भले झाले? मला लगेच उत्तर सुचले नाही. प्रश्न खोटा नव्हता. थोड्या वेळाने मी एवढेच म्हणाले की, आनंदीबाई दूर गेल्या म्हणून गेल्या असतील, पण त्यांचे बाळ तर घरीच होते. ते गेले जवळ डॉक्टर नव्हता म्हणून. सासूबाईंनी विचारले, किती दिवसांचे होते. मी म्हटले, दहा. त्यांची माळ थांबली. त्यांचे स्वतःचे पहिले मूल सहा दिवसांचे होऊन गेले होते, पावसाळ्यात, गाडी मिळेपर्यंत. ती गोष्ट या घरात कधी कोणी बोलत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धाकटीला नकाशा आणावयास सांगितले आणि नागपूर दाखव म्हणाल्या. जगाच्या नकाशात सोनाळा आणि नागपूर यांच्यामध्ये मुगाचा दाणा ठेवला तर दोन्ही झाकली जातात. म्हणून महाराष्ट्राचा नकाशा काढला. नागपूरही २१ अंशांवरच, आपल्या ओळीत, सरळ पूर्वेला. पट्टीने अंतर भरले अडीचशे किलोमीटरांच्या आत. शेगावला गाडीत बसले की अकोला, बडनेरा, वर्धा आणि नागपूर. सासूबाईंनी त्या रेघेवरून स्वतःचे बोट फिरवले. त्यांना अक्षर येत नाही, पण रेघ वाचता आली. मग त्या उठल्या आणि मोठीच्या सोबत द्यावयाच्या शिदोरीची विचारपूस करू लागल्या.

मोठी नागपूरला गेली. मला रात्री झोप येत नाही, हे कबूल करते. नकाशा अंतर सांगतो, आईचा घोर सांगत नाही. पण पूर्वी नागपूर म्हटले की मला नुसता अंधार दिसे. आता तेथे एक ठिपका दिसतो, आणि घरापासून त्याच्यापर्यंत रेघही दिसते.

शास्त्रज्ञांनी शुक्र ग्रहावरच्या एका विवराला आनंदीबाईंच्या जोशी या आडनावाचे नाव दिले आहे. त्या विवरालाही अक्षांश-रेखांश आहेत. मृत्यूच्या वेळी जिला बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती, तिचे गाव आता आभाळातही सापडते.

भगिनींनो, प्रत्येकीच्या घरी मुलांचा नकाशासंग्रह दप्तरात असतोच. एकदा तो मागून घ्या. आपले माहेर शोधा, सासर शोधा, लेक दिली ते गाव शोधा आणि मध्ये दोरा धरा. आकडा वाचाल तेव्हा पुढची दिशाही वाचा, एवढे माझ्या अनुभवावरून सांगते.